भावनांचा आवेग अनावर होतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी ते पनवेल या पट्ट्यातून समुपदेशनासाठी येणारी माणसे आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा लिहून पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे अधिक सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर बाकीचे बाजूला ठेवून आधी प्रश्न १८ वाचावा.

१. माझा राग किंवा रडणे माझ्या ताब्यात राहत नाही. हा मानसिक आजार समजायचा का?

बहुतेक वेळा नाही. घरात मृत्यू झाल्यावर, नोकरी गेल्यावर किंवा फसवणूक उघडकीला आल्यावर माणूस ओक्साबोक्शी रडला किंवा भडकला, तर त्यात बिघडलेले असे काही नाही. आम्ही पाहतो ते असे की प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने किती मोठी आहे, ती किती वेळा येते, ओसरायला किती वेळ घेते आणि तिच्यामुळे नोकरी, नाती, झोप किंवा पैसा यांचे किती नुकसान होते. यांतील शेवटचा निकष आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्षातून दोनदा घर डोक्यावर घेणाऱ्या माणसापेक्षा, एकदाही आवाज न चढवता दर महिन्याला राजीनाम्याचा मेल पाठवून दुसऱ्या दिवशी तो मागे घेणाऱ्या माणसाला मदतीची गरज जास्त असू शकते.

२. त्या क्षणी मला काही सुचतच नाही. शरीरात नेमके काय घडते?

मेंदूच्या आतील भागात अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे दोन लहान भाग असतात. समोर आलेली गोष्ट धोक्याची आहे की नाही, याचा झटपट अंदाज बांधण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. धोका वाटला की ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग काही काळ मागे पडतो. अंगावर आलेली दुचाकी आणि सासूबाईंचे एखादे वाक्य यांत ही यंत्रणा फारसा फरक करत नाही. डोके थंड असताना पाठ केलेली शहाणपणाची वाक्ये ऐन वेळी आठवत नाहीत, याचे कारण हेच आहे. त्यामुळे "मला कळते पण वळत नाही" म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कळणारा भाग त्या वेळी पुरेसा हजर नसतो.

३. एवढ्याशा गोष्टीवरून माझा भडका का उडतो? नंतर मलाच लाज वाटते.

भडका सहसा त्या गोष्टीवरून उडालेला नसतो. ऐरोलीतील कार्यालयात दिवसभर बोलणी खाल्लेला, दुपारी एकनंतर काहीही न खाल्लेला, घोडबंदर रस्त्यावर तासभर अडकून साडेनऊला घरी पोहोचलेला माणूस दाराशी आडव्या पडलेल्या चपला पाहून मुलावर ओरडतो. चपला रोजच आडव्या असतात. त्या दिवशी शरीर आधीच ताणाच्या टोकाला पोहोचलेले असते, एवढाच फरक. अपुरी झोप, भूक, उकाडा, गर्दी, सततचा आवाज आणि न बोललेले जुने दुखणे यांची बेरीज होत जाते आणि शेवटचे निमित्त मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

दुसरे कारण आपण प्रसंगाचा जो अर्थ लावतो त्यात असते. "चपला नीट ठेवल्या नाहीत" हे निरीक्षण आहे, तर "या घरात माझी कोणाला किंमत नाही" हा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे, आणि राग निष्कर्षाचा येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच दुव्यावर काम करते. मात्र निष्कर्ष तपासण्याचे काम डोके थंड झाल्यावरच होते, म्हणून त्याची रीत प्रश्न १० मध्ये दिली आहे.

४. आवेग आला की लगेच काय करावे?

त्या क्षणी शांत होणे हे उद्दिष्टच ठेवू नये. पुढची वीस-पंचवीस मिनिटे भरून न येणारे नुकसान होऊ द्यायचे नाही, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. खरे काम आवेगाच्या आधी आणि नंतर करायचे असते. ऐन वेळी शांत होता आले नाही म्हणून निराश होणारी बरीच माणसे हे काम चुकीच्या वेळी करू पाहत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे जागा सोडावी, परंतु परत येण्याची वेळ सांगून : "मला आता नीट बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने बोलू." काहीही न सांगता दार आपटून जाणे म्हणजे समोरच्याला शिक्षा देणे होय. वन-बीएचकेमध्ये जायला दुसरी खोली कुठे आहे, असे अनेक जण विचारतात. इमारतीचा जिना, गच्ची, न्हाणीघर किंवा खालच्या वाण्याकडे जाऊन येणे यांपैकी काहीही चालते. फोन मात्र घरीच ठेवावा, कारण अशा वेळी पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश खोडला तरी समोरच्याच्या मनातून खोडला जात नाही.

दुसरी गोष्ट शरीराशी संबंधित आहे. थंडगार पाण्याने चेहरा ओला करून, किंवा ओला रुमाल डोळ्यांवर व गालांवर धरून काही सेकंद श्वास रोखल्यास हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारताना शरीर जी प्रतिक्रिया देते, तीच ही आहे. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा ठोके मंद करणारी औषधे घेणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. भरभर चालणे किंवा चार-पाच मजले चढून जाणे यानेही ताठरलेल्या स्नायूंना वाट मिळते.

तिसरी गोष्ट, जमल्यास भावनेला मनातल्या मनात नाव द्यावे : "मला अपमान वाटला आहे", "मला भीती वाटते आहे". मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील मेंदू-चित्रणाच्या अभ्यासात, भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डालाची प्रतिक्रिया कमी झाल्याचे दिसले होते. पती-पत्नीच्या भांडणात किमान वीस मिनिटांचा खंड घ्यावा, असे जोडप्यांचे समुपदेशक सांगतात. त्या वेळात भांडणाची उजळणी करत बसल्यास मात्र खंडाचा काहीही उपयोग होत नाही.

५. दीर्घ श्वास घेतला की मला उलट जास्त घाबरल्यासारखे होते. असे का?

घाईने मोठमोठे श्वास आत ओढल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि चक्कर, हातापायांना मुंग्या, छातीत घट्टपणा असा त्रास वाढतो. भर श्वास सोडण्यावर द्यावा : नाकाने सहज श्वास घ्यावा आणि त्याच्या दीडपट किंवा दुप्पट वेळ लावून सोडावा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील अशा बेताने. कपालभातीसारखे जलद श्वसनाचे प्रकार घाबरलेल्या अवस्थेत करू नयेत. श्वासाकडे लक्ष दिल्यानेच अस्वस्थता वाढत असेल, तर तो प्रयोग सोडून द्यावा आणि प्रश्न ४ मधील चालण्याचा किंवा थंड पाण्याचा उपाय करावा.

६. राग मनात ठेवू नये, बाहेर काढून टाकावा असे म्हणतात. उशीवर ठोसे मारले तर चालेल का?

मन म्हणजे कुकर नव्हे, की वाफ सोडली म्हणजे दाब उतरेल. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात, चीड आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीही न करता बसलेल्यांपेक्षा अधिक राहिला. आदळआपट करण्याने आदळआपटीचा सराव होतो. दुसरे टोक म्हणजे चेहऱ्यावर काही न दाखवता गिळून टाकणे. त्यानेही आतील भावना कमी होत नाही, शरीरावरील ताण मात्र वाढतो. भावना ओसरल्यानंतर, ज्याच्याशी संबंध आहे त्याच्याशी, नेमक्या शब्दांत बोलणे ही गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे, आणि तिलाच आम्ही व्यक्त होणे म्हणतो.

७. मला राग येत नाही की रडू येत नाही, मी एकदम बधिर होते. हेही त्यातच येते का?

होय. आवेगाचे रूप नेहमीच उद्रेकाचे नसते. काहींची वाचा बसते, अंग गार पडते आणि आजूबाजूचे सगळे लांबून पाहत असल्यासारखे वाटते. लहानपणी मारहाण, छळ किंवा अपघात अनुभवलेल्या माणसांत हे अधिक दिसते. अशा वेळी डोळे मिटून ध्यान करण्याऐवजी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीवर दाबावेत, दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, गार किंवा खरखरीत काहीतरी हातात धरावे. असे वारंवार होत असल्यास आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. त्याआधी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

८. वरिष्ठांनी चूक दाखवली की मला त्यांच्यासमोरच रडू येते. काय करू?

रडू थोपवण्याच्या धडपडीतच बरेचदा ते वाढते. "माझ्या डोळ्यांत पाणी आले असले तरी मी ऐकते आहे, पाच मिनिटांनी बोलू या" असे सरळ सांगून पाणी प्यायला जावे. रडण्याबद्दल दहादा माफी मागू नये. कठीण बैठकीआधी मुद्दे कागदावर लिहून नेले, तर आवाज कापत असतानाही म्हणणे पोहोचते.

९. ठाणे-वाशी लोकलमध्ये अचानक छातीत धडधडते, घाम फुटतो, आता मरणार असे वाटते. हा भावनेचा झटका की हृदयविकाराचा?

पहिल्यांदाच असे झाले असेल, तर घरबसल्या निदान करू नये. छातीवर दाब, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, धाप, थंड घाम यांपैकी काही असल्यास, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा कुटुंबात हृदयविकार असल्यास, तो हृदयाचाच त्रास समजून १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि तरीही असे झटके येत राहिले, तर ते पॅनिक अटॅक असण्याची शक्यता मोठी असते. असा झटका काही मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग स्वतःहून उतरतो. भयंकर वाटला तरी तो जीवघेणा नसतो. दर वेळी पुढच्याच स्थानकावर उतरण्याची सवय लागली, की मेंदू "उतरलो म्हणून वाचलो" असे शिकतो आणि भीती पक्की होते. हळूहळू पुन्हा लोकलने जाऊ लागणे हा उपचाराचाच भाग आहे. सुरुवात कमी गर्दीच्या वेळी, सोबत कोणाला घेऊन आणि एकाच स्थानकापर्यंत करावी.

१०. भांडण होऊन गेले, आता मी शांत आहे. यापुढे काय करायचे?

येथे बहुतेक जण काहीच करत नाहीत. भाजी काय करू, असे विचारून विषय मिटवला जातो आणि पुढच्या वेळी तेच भांडण पुन्हा होते. आमचा आग्रह दोन गोष्टींचा आहे.

एक, त्याच दिवशी वहीत नोंद करावी. नोंद निबंधासारखी नसावी. नमुन्यादाखल : "मंगळवार, रात्री साडेनऊ. आदल्या रात्री पाच तास झोप. दुपारनंतर खाणे नाही. बाबा म्हणाले, 'पगार किती राहतो हातात?' मनात आले : मी नालायक आहे असे त्यांना वाटते. कान तापले, दात आवळले. ताट सरकवून उठलो. आई दोन दिवस बोलली नाही." अशा काही नोंदी साठल्या, की एकच धागा दिसू लागतो. कोणाचा भडका नेहमी उपाशीपोटी उडतो, कोणाचा पैशाच्या विषयावर, तर कोणाचा फक्त मोठ्या भावासमोर. मग उपायही नेमका होतो. वरील नोंदीतील माणसाने रागावर व्याख्याने ऐकण्यापेक्षा संध्याकाळी सहाला डब्यातून चार घास खाणे आणि बाबांशी हिशेबाचे बोलणे रविवारी सकाळी करणे अधिक उपयोगाचे. मनात आलेले वाक्य खरे असण्याला पुरावा काय, दुसरा अर्थ कोणता निघू शकतो, हे प्रश्नही याच नोंदीवर विचारावेत.

दोन, झालेले नुकसान भरून काढावे. केलेल्या कृतीचे नाव घेऊन माफी मागावी : "काल मी सगळ्यांसमोर तुला मूर्ख म्हणालो, ते चुकले." त्यापाठोपाठ समोरच्याची चूक काढू नये, ते बोलणे वेगळ्या वेळी करावे. आई-वडिलांनी मुलांची माफी मागितल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

११. घरातील माणूस भडकतो तेव्हा आम्ही काय करावे? "शांत हो" म्हटले की तो अधिकच चिडतो.

साहजिक आहे, कारण त्या शब्दांत त्याला आपली भावना नाकारल्यासारखी वाटते. आपला आवाज खाली आणावा, शक्य असल्यास बसावे, बाकीच्यांना बाहेर पाठवावे आणि एवढेच म्हणावे : "तुला खूप लागलेले दिसते. मी येथेच आहे." खरे-खोटे त्या वेळी ठरवू नये.

याला एक मोठा अपवाद आहे. जो माणूस साहेबांसमोर, पोलिसांसमोर, सोसायटीच्या सभेत कधीही भडकत नाही आणि फक्त पत्नीवर किंवा म्हाताऱ्या आईवरच हात उचलतो, त्याचा राग त्याच्या ताब्याबाहेर गेलेला नसतो. हा कौटुंबिक हिंसाचार आहे आणि त्यासाठी २००५ चा कायदा आहे. आपल्या वागण्यात काय चुकले, याची नोंद अशा वेळी पीडित स्त्रीने ठेवत बसू नये. तिने आधी सुरक्षित जागी जावे. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

१२. चार वर्षांचा मुलगा दुकानात लोळण घेतो आणि पंधरा वर्षांची मुलगी दार लावून घेते. दोघांना एकच उपाय चालेल का?

नाही. लहान मूल थकलेले किंवा भुकेले आहे का, हे आधी पाहावे. त्याला जवळ घेऊन गर्दीतून बाजूला न्यावे. वस्तू मात्र घेऊन देऊ नये, नाहीतर लोळण घेणे हीच मागण्याची पद्धत होऊन बसते. किशोरवयात विवेकाशी संबंधित मेंदूचा भाग पूर्ण विकसित झालेला नसतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे वाद चालू असताना फोन हिसकावून घेणे किंवा दार ठोठावत राहणे टाळावे. जेवण झाल्यावर, बाजूला बसून, थोडक्यात बोलावे. झोप, खाणे किंवा अभ्यास यांत आठवड्यांमागून आठवडे बदल दिसत असेल, तर दहावीचे वर्ष संपण्याची वाट पाहू नये.

१३. यामागे शारीरिक कारण असू शकते का?

असू शकते आणि ते तपासून घेणे स्वस्तात पडते. थायरॉइडचे विकार, रक्तातील साखर एकदम उतरणे, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, घोरण्यासह खंडित होणारी झोप यांमुळे माणूस चिडका किंवा रडवा होऊ शकतो. स्टेरॉइड आणि फिट्सवरील काही औषधे यांनीही मनःस्थिती बदलते. औषध सुरू झाल्यावर स्वभाव बदलला असेल, तर ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. दर महिन्याला पाळीच्या आधीच्या आठवड्यात तीव्र चिडचीड किंवा निराशा येऊन पाळी सुरू झाल्यावर ती ओसरत असेल, तर किमान दोन महिन्यांची तारीखवार नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांना भेटावे. त्यावर उपचार आहेत. रजोनिवृत्तीच्या काळालाही हेच लागू आहे.

१४. अर्धांगवायू झाल्यापासून वडील कारण नसताना रडू लागतात, कधी हसू लागतात. ते खचले आहेत का?

नैराश्य असू शकते, परंतु पक्षाघातानंतर हसण्या-रडण्यावरील मेंदूचे नियंत्रणच सैल होण्याचा एक वेगळा त्रासही असतो. त्यात रडणे अचानक येते, थोड्याच वेळात थांबते आणि आतून तेवढे दुःख नसते. "बाबा, तुम्हाला आत्ता वाईट वाटत होते का?" असे विचारले तर ते अनेकदा नाही म्हणतात. मेंदूविकारतज्ज्ञांना हे जरूर सांगावे, कारण यावर औषध मिळते. नातवंडांनाही समजावून सांगावे.

१५. माझी मनःस्थिती सारखी बदलते. मला बायपोलर आहे का?

दिवसातून तीनदा मूड बदलणे म्हणजे बायपोलर नव्हे. त्या आजारात उत्तेजित अवस्था सलग अनेक दिवस टिकते. झोपेची गरज कमी होते, बोलणे आणि खर्च वाढतो, आणि माणूस एरवीपेक्षा वेगळा झाल्याचे घरच्यांना कळते. निदान तज्ज्ञच करू शकतात. जवळची माणसे सोडून जातील या भीतीने तासातासाला टोकाचे बदल होणे आणि स्वतःला इजा करणे, असा त्रास असल्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणारी उपचारपद्धती, उपयोगी पडते.

१६. दोन पेग घेतले किंवा शेजारच्या काकूंची झोपेची गोळी घेतली की बरे वाटते. रोज नाही घेत.

दोन्ही टाळावे. दारूने त्या रात्री बरे वाटते, पण झोप बिघडून दुसऱ्या दिवशीची चिडचीड वाढते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि दारूबरोबर त्या जीवघेण्या ठरू शकतात.

१७. ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे जावे? खर्च परवडेल का?

औषध लागेल असे वाटत असल्यास मनोविकारतज्ज्ञ, आणि बोलून काम करायचे असल्यास मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक. शंका असल्यास फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करावी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात खर्च कमी येतो. ठाण्यात १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काम करते आहे. "टेली-मानस" ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मधील आहे. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद आपल्याकडे इतका मुरला आहे, की त्या आवारातील बाह्यरुग्ण विभागात जायलाही माणसे कचरतात आणि तीच माणसे मग वर्षभर गंडेदोरे करत बसतात. बाह्यरुग्ण विभागात तपासणी करून घरी परत येता येते. त्यासाठी भरती व्हावे लागत नाही.

१८. रागाच्या किंवा निराशेच्या भरात मरून जावे, स्वतःला इजा करावी असे वाटते. काय करू?

एकटे राहू नका. जवळच्या माणसाला नेमक्या शब्दांत सांगा, "टेली-मानस" या सरकारी दूरध्वनी सेवेला १४४१६ वर फोन करा, आणि कृती होण्याची भीती असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करा अथवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. घरच्यांनी गोळ्यांचा साठा, फिनेल, कीटकनाशके, ब्लेड हाताशी राहू देऊ नयेत आणि गच्चीला कुलूप घालावे. असा आवेग बरेचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसले तर जीव वाचू शकतो. "तू असे काही करणार आहेस का?" असे विचारल्याने ती कल्पना मनात पेरली जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्याचे टाळू नये.

१९. उपचार घेतल्याचे कंपनीला कळेल का? विमा मिळतो का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे ठरावीक अपवाद सोडले, तर रुग्णाच्या संमतीविना डॉक्टर मालकाला माहिती देऊ शकत नाहीत. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. तरी पॉलिसीतील प्रतीक्षा-कालावधी वाचून घ्यावा.

२०. माझ्या रागाला खरेच कारण आहे. अन्याय दुसऱ्याने करायचा आणि बदलायचे मीच का?

कारण खरे असेल, तर राग घालवण्याचा प्रयत्न करू नये. प्रश्न ४ मधील उपाय न्याय्य रागालाही लागू होतात, ते एवढ्यासाठीच की भडका उडाला की चर्चा मूळ अन्यायाऐवजी आपल्या आरडाओरडीची होते आणि समोरच्याची सुटका होते. एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी तक्रार कागदावर उतरवावी : काय झाले, केव्हा, कोणासमोर आणि आपली मागणी काय. सोसायटीचा विषय असल्यास आधी व्यवस्थापक समितीकडे आणि दाद न मिळाल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ होत असल्यास २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. दहापेक्षा कमी माणसे असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यावर तारीख व सहीसह पोच घ्यावी.